कळा वाढवायचं औषध मिळतं

गेल्या पावसाळ्यात माझी भाची बाळंत झाली. पहिलीच खेप. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, अल्हमदुलिल्लाह. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

सातव्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. "खाला, ये देखो," म्हणत तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. कुठल्याशा शहरातल्या खाजगी हॉस्पिटलचा व्हिडिओ होता. बाई प्रसूतीच्या खाटेवर बसलेली, नवऱ्याशी बोलतेय, मधेच हसतेय. "कमरेत सुई देतात म्हणे. मग कळा येतात पण दुखत नाहीत. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळते का ही?"

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. खानदानात बी.एड. केलेली मी पहिली, त्यामुळे रेशन कार्डापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. हा प्रश्नही त्याच रांगेतून आला. आणि मी काय उत्तर दिलं? "अगं, आम्ही मेलो का काय? सगळ्याच बायकांना होतं. थोडा सबर करायचा." वर माझी जुनी कहाणी ऐकवली.

ती कहाणी अशी. 2003 साली मी बी.एड.ची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाले होते. अशाच एका सरकारी रुग्णालयात चौदा तास कळा दिल्या. ओढणीचा पदर दातांत धरला आणि तोंडातून आवाज काढला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती, तर सिस्टर तिला म्हणाली, "बघ जरा त्या बाईकडे. शिकलेली आहे, हूं की चूं नाही." बाईला कळा सुरूच होत्या, पण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं मी ही गोष्ट अभिमानाने सांगत आले. हळदीला, नातलगांच्या जचगीला, स्टाफरूममध्ये. त्या शेजारच्या बाईचं पुढे काय झालं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

भाचीने आठवड्याने परत विचारलं. तेव्हा मी तिच्याबरोबर तपासणीला गेले. बाहेरच्या भिंतीवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा मोठा फलक आहे. 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत, सीझर मोफत, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं मोफत. मास्तरणीची सवय, फलक दिसला की शेवटपर्यंत वाचायचा. दुखण्यावरच्या इलाजाबद्दल त्यावर अक्षर नव्हतं.

आतली डॉक्टर तरुण होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. चिडली नाही. "मॅडम, एपिड्युरल आम्ही इथे देत नाही. भूलतज्ज्ञ सर सीझरला लागतात." एवढंच बोलली आणि पुढचा केसपेपर ओढला. कागद भरणारी सिस्टर मात्र हसली. "तुमच्यात तर चार-चार होतात की हो मॅडम, तुमच्या बायकांना कसली आलीय भीती?" मी तिला माझी दोन मुलं सांगितली नाहीत. भाचीचा बुरखा आणि तिच्या पोटाकडे पाहून ती बोलली होती, तिथे हिशेब देऊन उपयोग नव्हता. शिवाय अजून दोन महिने त्याच टेबलासमोर उभं राहायचं होतं.

घरी आल्यावर भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "अच्छा हुआ नै मिली. वो सुई से कमर जिंदगीभर दुखती." हे मी पूर्वीपासून ऐकत आलेय. आपल्याकडे सीझर झालेल्या प्रत्येक बाईची कमर त्या सुईनेच गेलेली असते. मग मी वाचलं, आणि पुढे एका भूलतज्ज्ञाशी बोलले, त्यांच्याबद्दल नंतर सांगते. कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये सुई घालून तिच्यातून एक बारीक, केसापेक्षा थोडी जाड नळी आत सोडतात आणि सुई काढून घेतात. नळीतून थोडं थोडं औषध जात राहतं. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर ते राहतं आणि खालच्या भागातून वर जाणारा दुखण्याचा निरोप अडवतं. बाई शुद्धीवर असते. औषध सौम्य असेल तर पायही हलवू शकते. त्रास काहीच नाही असं नाही. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, कधी ताप येतो, शंभरातल्या एखादीला नंतर काही दिवस जबर डोकं दुखतं. बाळ खाली सरकायला जरा जास्त वेळ लागतो. पण कायमची कंबरदुखी या सुईमुळे लागते असं पाहण्यांमध्ये आढळलेलं नाही, आणि तिच्यामुळे सीझरचं प्रमाणही वाढत नाही. नऊ महिने पोट पुढे घेऊन चालल्यावर आणि नंतर दोन वर्षं मूल कडेवर घेतल्यावर कंबर दुखते, त्याला सुईची गरज नसते. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं काही दिसलं नाही.

आता ती रात्र.

दुपारी चारला दाखल केली. पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलं होतं. रात्री नऊपर्यंत तेवढंच, म्हणून सलाईनमध्ये औषध घातलं. बायका त्याला 'कळा वाढवायचं सलाईन' म्हणतात, नाव अगदी बरोबर आहे. ऑक्सिटोसिनने पिशवी जोराने आवळायला लागते, कळा लवकर लवकर आणि जास्त जोरात येतात. गरज असेल तेव्हा हे द्यावंच लागतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे बाकावर बसून मला एक गोष्ट दिसली, जी माझ्या चौदा तासांत मला दिसली नव्हती. कळा वाढवायचं औषध या दवाखान्यात आहे, मोफत आहे, रात्री नऊलाही मिळतं. कमी करायचं औषध मागितलं की लोक हसतात.

खोलीत सात बायका, दोन सिस्टर आणि एक मावशी. पाच खाटांवर सात जणी. मला आत येऊ देत नव्हते. सरकारच्याच 'लक्ष्य' कार्यक्रमात, 2017 पासून, बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस असावं असं म्हटलेलं आहे. मी ते सांगितल्यावर सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत आलात तर सातही जणींच्या सासवा आत येतील, मग मी उभी कुठे राहू?" खोली पाहिली तर तिचंही खरं होतं. शेवटी दहा वाजता पाऊस वाढला, लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या गोंधळात मी आत शिरले आणि मग कुणी बाहेर काढलं नाही.

भाची माझ्यासारखी नव्हती. ती ओरडत होती. सिस्टर एकदा तिच्या मांडीवर चापट मारून जे वाक्य बोलली, ते महाराष्ट्रातल्या सरकारी प्रसूतिगृहात जाऊन आलेल्या बहुतेक बायकांना पाठ आहे, नऊ महिन्यांपूर्वीची आठवण करून देणारं. ते इथे लिहीत नाही. साडेबाराच्या सुमारास भाचीने डॉक्टरचा हात धरला आणि म्हणाली, "मॅडम, माझं सीझर करा. पाया पडते." पोटातल्या बाळाचे ठोके चांगले होते, सीझरची काहीही गरज नव्हती. डॉक्टरने तसं सांगितलं. भाची म्हणाली, "मग ती सुई द्या. सीझरवाल्यांना देता ना?"

तिने बरोबर हिशेब मांडला होता. त्या इमारतीत भूल मिळायचा एकच रस्ता होता, तो पोट कापून घेण्याचा. आपण सगळे म्हणतो की सीझर फार वाढलेत. डॉक्टर पैशासाठी करतात हेही म्हणतो, आणि काही ठिकाणी ते खरं असेल. पण कळांना घाबरून बाई स्वतःच पोट पुढे करते, त्याचा हिशेब आपण धरत नाही.

आणि मी? मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "सबर कर, बेटा. चिल्लाने से ताकद जाती." माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या खाटेवरच्या बाईने पाहिलं होतं तसंच. मी गप्प झाले. मग नुसती कंबर चोळत राहिले, ते तिला बरं वाटत होतं. पहाटे पावणेपाचला मुलगी झाली.

सबर या शब्दावर मला थोडं बोलायचं आहे, कारण मी तो रोज वर्गात शिकवते. मराठीने तो घेतला आणि त्याची सबुरी केली. 'दर्द' घेतला तेव्हा मात्र गंमत झाली, मराठीत 'दर्दी' म्हणजे गाण्याचा शौकीन. उर्दूत 'हमदर्द' म्हणजे जो दुसऱ्याच्या दुखण्यात सामील असतो तो. बाळंतपणाच्या कळांना उर्दूत 'दर्द-ए-जेह' असा वेगळा शब्द आहे, मराठीत 'वेणा' आहे. दोन्ही भाषांनी या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं, म्हणजे ते इतर दुखण्यांसारखं नाही हे जुन्या माणसांना कळत होतं.

आपल्यात असं मानणारे पुष्कळ आहेत की कळा सोसण्यात सवाब आहे, म्हणून त्यावर औषध घेणं बरोबर नाही. मी आलिमा नाही, फतवा देत नाही. पण सूरह मरियम मी लहानपणापासून वाचते. त्यात हजरत मरियम कळांनी बेजार होऊन खजुराच्या झाडाशी येतात आणि त्याआधीच मरून गेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणतात. हे त्यांच्या तोंडी आहे, ज्यांचा दर्जा सगळ्या बायकांत वरचा मानला जातो त्यांच्या. उत्तरात त्यांना कुणी रागावत नाही. दुःख करू नका, असं सांगून पायाशी वाहतं पाणी दाखवलं जातं, ताजे खजूर दिले जातात, खा-प्या म्हटलं जातं. पुढे मौनाचा रोजा सांगितलाय तो लोकांच्या प्रश्नांपासून वाचण्यासाठी, कळा मुकाट सोसण्यासाठी नाही. आणि कळा ही बाईला मिळालेली शिक्षा आहे, असं कुरआनात कुठे नाही. ते बायबलच्या पहिल्या पुस्तकात आहे, हव्वाच्या गोष्टीत. तिथूनच युरोपात हा वाद पेटला होता. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरने 1847 मध्ये बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धर्माच्या नावाने येणाऱ्या आक्षेपांना उत्तर म्हणून त्याला पुस्तिका लिहावी लागली. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, त्यानंतर श्रीमंत घरांतल्या बायकांना तो आपोआप चालायला लागला. राणीला सबर कुणी सांगितला नाही.

कुठल्याही आजाराचं औषध करा असं सांगणारा आपला दीन आहे. आमच्या मोहल्ल्यात दाढ दुखली की माणूस तासाभरात डॉक्टरकडे जातो, भूल देऊन दाढ काढून घेतो, आणि त्याला सबर आठवत नाही.

भाची घरी आल्यावर मी त्या भूलतज्ज्ञांना भेटले. ओळख अशी निघाली की त्यांच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरचा मुलगा माझा विद्यार्थी. भला माणूस. मी भांडायच्या तयारीने गेले होते, तर तेच म्हणाले, "मॅडम, मला द्यायला आवडेल. शिकलोय ते. पण रात्री मी एकटा असतो. एकीला नळी घातली आणि ऑपरेशन थिएटरमध्ये अडलेली बाई आली, तर मी तिकडे पळणार. नळीवालीचा रक्तदाब सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बघायचा, बाळाचे ठोके बघायचे, ते कोण करणार? दोन सिस्टर?" तालुक्याच्या ठिकाणी तर भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सीझरचीच बाई जिल्ह्याला पाठवतात. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना काही महिन्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण सरकार देतं, तेही अडलेल्या बाईचा जीव वाचावा एवढ्यासाठी. हे सगळं ऐकल्यावर माझा राग जायचा तिकडे गेला नाही, पण सिस्टरवरचा थोडा कमी झाला.

मग मी विचारलं, "समोरच्या रस्त्यावरच्या खाजगी हॉस्पिटलच्या पाटीवर 'वेदनारहित प्रसूती' लिहिलंय. तिथे कोण देतं?" ते जरा थांबले. गावात भूलतज्ज्ञ आहेत, म्हणाले, फोन केला की येतात. त्या हॉस्पिटलात मी आधीच चौकशी केली होती. बाळंतपणाचे वेगळे, सुईचे वेगळे पंधरा हजार. भाचीचा नवरा भाड्याचा टेम्पो चालवतो. म्हणजे गावात औषध आहे, ते देणारी माणसं आहेत, रस्ता ओलांडायचे पंधरा हजार आहेत.

"ही चैन आहे, आधी जीव वाचवू द्या," असं मला एका शिक्षक मित्राने ऐकवलं. मीही कधीकाळी हेच म्हटलं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की निरोगी बाईने कळांवर इलाज मागितला तर, तिची पसंती पाहून, एपिड्युरल द्यावं. फ्रान्समध्ये 1994 पासून त्याचा पूर्ण खर्च सरकारी विमा देतो, आता तिथल्या दहातल्या आठ बायका ते घेतात. आपण फ्रान्स नाही, ठीक आहे. पण बिनपैशाचंही पुष्कळ आहे, जे त्याच सूचनांमध्ये आहे. कंबर चोळणं, शेक देणं, बाईला उताणी बांधून न ठेवता हिंडू-फिरू देणं, जवळचं माणूस आत घेणं. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मा-निम्मा मिसळलेला गॅस असतो, बाई स्वतःच मुखवटा धरून कळ आली की ओढते. त्याने दुखणं पूर्ण जात नाही, पण त्याला रात्रभर भूलतज्ज्ञ उभा लागत नाही. ब्रिटनमध्ये सुईणी कित्येक दशकं तो वापरतात. हे मी भूलतज्ज्ञांना विचारलं तर म्हणाले, "होऊ शकतं. कुणी मागितलं नाही."

कुणी मागितलं नाही, हे मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. मागितलं तर होतं. भाचीने माझ्याकडे सातव्या महिन्यात मागितलं होतं, आणि मी तिला माझ्या ओढणीची गोष्ट सांगितली होती.

म्हणून मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं मला येतं. रुग्ण कल्याण समितीच्या नावाने, मराठीत, दोन पानी. दिवसा तरी एका भूलतज्ज्ञाची नेमणूक फक्त प्रसूती कक्षासाठी करावी, मागणाऱ्या बाईला एपिड्युरल मिळावं, तोपर्यंत गॅसची सोय करावी, पडदे लावून खाटा वेगळ्या कराव्यात म्हणजे प्रत्येकीजवळ एक बाई बसू शकेल. चापटीचंही लिहिलं, सिस्टरचं नाव न घालता. मसुदा भाचीला वाचून दाखवला. मी 'प्रसूतीच्या वेळी होणारी गैरसोय' असं लिहिलं होतं. मांडीवर पोरगी घेऊन ती म्हणाली, "खाला, गैरसोय म्हणजे बस उशिरा आली तर होते ना?" मी तो शब्द खोडला आणि 'वेदना' लिहिला.

सही करायला मोहल्ल्यातल्या एकवीस बायका आल्या. त्यांतल्या सहा मराठा आणि बौद्ध घरांतल्या, एक माझ्याच शाळेतल्या शिपाई बाई. तिघींनी अंगठा दिला. दोघींच्या नवऱ्यांनी सही करू दिली नाही, म्हणजे एकूण तेवीस. आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला, वर पाहिलं, आणि विचारलं, "मॅडम, हे कुठल्या विभागात टाकू?" शेवटी त्याने 'इतर'वर शिक्का मारला. पोच माझ्याकडे आहे. अजून उत्तर नाही, दिवाळीच्या सुट्टीत परत जाणार आहे.

परवा भाचीच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीला पाचवा लागलाय. चहा पिऊन झाल्यावर, जाता जाता दाराशी थांबून, त्यांनी विचारलं, "आपा, वो तुमारे अर्जी का क्या हुआ?"